सीट दोन बोटं वर

अन्याय माझ्यावर झाला. लातूरच्या भूकंपानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, नांदेडला आमच्या संघटनेच्या एका खोलीच्या कार्यालयात. साक्षीला सात जण होते. सातही जणांनी आदल्याच दिवशी कुठल्या ना कुठल्या बहिणीकडून ओवाळून घेतलं होतं. कपाळावरचा टिळा धुतला गेला असेल, पण बहीण तर विसरायला नको होती, म्हणून मुद्दाम लिहिते.

बैठक सायकल फेरीची होती. हिवाळ्यात नांदेडहून निघायचं, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं, आणि तिथून औशाच्या पुढे, भूकंपानंतर नव्यानं वसत असलेल्या एका गावात जायचं. एकूण तीन दिवस. त्या गावातली दहावीची पोरं पत्र्याच्या शेडमध्ये शिकत होती, आणि त्यांच्यापासून सायकलच्या टप्प्यात असलेल्या लातुरात शिकवण्यांचा नुसता बाजार भरला होता. गल्लीगल्लीत फलक, फलकाफलकावर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. आम्ही नांदेडात घरोघर फिरून पास झालेल्या पोरांच्या जुन्या नोट्स, गाईडं, प्रश्नसंच जमवले होते. ते सायकलींच्या कॅरिअरवर बांधून न्यायचे आणि 'शाळेला भिंती द्या' अशी पत्रकं वाटेत वाटत जायची, असं ठरलं. नोट्स जमवायची कल्पना माझी. पत्रकाचा मजकूर माझा. आणि मग चौथा विषय आला: मुली सायकलवर येणार नाहीत, सामानाच्या टेम्पोत बसून येतील.

संघटनेत मुली दोनच. एक मी, आणि दुसरी माझी मैत्रीण, जिला सायकल येतच नव्हती. म्हणजे ठराव कुणासाठी होता ते सांगायला नको.

"कामून?" मी विचारलं.

आमचे सचिव, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, ते म्हणाले, "लांबचा पल्ला हाय."

"तुम्हाला जवळचा आहे का?"

"तसं न्हाई गं. मुलींच्या अडचणी असतात."

"कोणत्या? नाव घ्या."

भाऊंनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. खजिनदारांना खोकला आला. मी म्हटलं, "इतिवृत्तात लिहून घ्या की, अडचणी म्हणजे नेमकं काय. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला बरं." इतिवृत्त लिहिणाऱ्यानं पेनाचं टोपण लावून टाकलं.

अर्धा तास भांडल्यावर भाऊ म्हणाले, "बरं. भोकरला जाऊन एका दिवसात परत ये. दुसऱ्या दिवशी सकाळी परत सायकलवर बसून दाखव. जमलं तर फेरीत ये. पण फेरीत तू एकदा जरी टेम्पोत बसलीस, तर ह्याच्यापुढं कुठल्याच मुलीचा विषय काढायचा न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. रागात माणूस पटकन कबूल करतो. म्हणजे आता नुसता माझा प्रश्न राहिला नव्हता. माझ्यानंतर संघटनेत जी कुणी मुलगी येईल, तिची सायकलही माझ्या गुडघ्यांवर टांगली गेली होती.

आणि ऐका, माझं अक्षर चांगलं म्हणून फेरीच्या तयारीच्या परिपत्रकाची स्टेन्सिल कापायचं काम मलाच दिलं. जिला यायची परवानगी नाही तिनं येणाऱ्यांसाठी सूचना लिहायच्या! भाऊंनी सांगितलं, मी लिहिलं. टायरांत हवा भरून घ्यावी. डोक्याला रुमाल बांधावा. प्रत्येक गावाच्या वेशीपासून घोषणा सुरू कराव्यात. आणि सर्वांनी आपापली सीट खाली करून घ्यावी, इतकी की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकतील; म्हणजे गावोगाव थांबून घोषणा देताना उतरावं लागणार नाही. ह्या शेवटच्या सूचनेला मी हूं की चूं केलं नाही. मलाही तेच बरोबर वाटत होतं. तेव्हा अख्खं नांदेड तशीच सायकल चालवायचं. बसल्यावर पाय टेकले म्हणजे सायकल आपल्या मापाची, नाही टेकले म्हणजे मोठी.

माझी सायकल मामेबहिणीची. ती बारावीला लातूरला खोली घेऊन राहिली होती. पहाटे पाचला फिजिक्स, सहाला केमिस्ट्री, सातला गणित, आणि तीन शिकवण्या तीन टोकांना. वर्षभर तिचे गुडघे दुखायचे. घरचे म्हणायचे, मांडी घालून अभ्यास करते म्हणून दुखतात. तिचा नंबर लागला, ती गेली, आणि सायकल माझ्याकडे आली. सीट तिनं ठेवली होती तिथंच, अगदी तळाला.

तयारी म्हणून पहिल्याच रविवारी मी अर्धापूरला निघाले. मी आधी पुस्तकी विचार केला होता. लांब बसायचं म्हणजे मऊ पाहिजे, म्हणून गोधडीची चौपदरी घडी सीटवर ठेवून सुतळीनं करकचून बांधली. सलवार चेनमध्ये अडकते, म्हणून चुलतभावाची जीन घातली. सलवार-साडी म्हणजे बेड्या, असं एक वाक्य मी आठ मार्चच्या पत्रकात लिहिलेलं होतं, त्याला आता कृतीची जोड. आणि घरून निघताना पाणी प्यायले नाही. आम्हा मुलींची ही जुनी सवय. प्रवासाला निघायचं म्हणजे सकाळपासून पाणी बंद. एसटी असो की लग्नाची जीप.

अर्धापूर येईस्तोवर गोधडी एका अंगाला सरकली होती आणि मी दुसऱ्या. जीनची जाड शिवण जिथं नको तिथं रुतून बसली होती. गुडघ्याच्या वाटीखाली कुणी खिळा ठोकतंय असं वाटत होतं आणि डोकं ठणकत होतं. केळीच्या बागा दोन्ही बाजूंना हिरव्यागार, आणि मला त्यांचं काहीही कौतुक नव्हतं. रस्त्याकडेला टेम्पोत केळीचे घड भरत होते, तिथवर फेंगडत गेले आणि सायकलला टेकून उभी राहिले. बसवत नव्हतं. एका बाईनं न मागता चार केळी हातात दिली आणि म्हणाली, "माय, पडलीस का?"

"न्हाई."

"मग अशी कामून चालून राहिलीस?"

परत आले ती केळीच्या टेम्पोत, घडांवर पालथी पडून. ठरावात लिहिल्याप्रमाणे, सामानासोबत.

दुसऱ्या दिवशी सायकल ढकलत इतवाऱ्यात सायकलवाल्या चाचांकडे नेली. चाचांचं दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. मधे पडदा, पडद्यामागे चाचींचं शिलाई मशीन. त्यांच्या वडिलांपासूनचा सायकलीचा धंदा. मी म्हटलं, "चाचा, ह्या सायकलीला काहीतरी झालंय. लई जड चालते."

त्यांनी चाक फिरवलं, चेन दाबली, मग माझ्या चालण्याकडे पाहिलं. "सायकलला काही न्हाई झालं, बेटी. तुला झालंय. बस बरं तिच्यावर."

बसले. पाय टेकले. चाचा खो खो हसले. "सायकल हाय का पाट? स्वयंपाकाला बसल्यावानी बसलीस! गुडघे छातीला लागून राहिले."

"पण पाय टेकायला नकोत?"

"कशाला टेकवायचे? थांबायचं हाय का जायचंय?"

 मी दोन वर्षं पत्रकं लिहीत होते, पण इतकं नेमकं वाक्य मला एकदाही सुचलं नव्हतं.

चाचांनी आधी गोधडी सोडून माझ्या हातात दिली. मऊ गादीत हाडं बुडतात, मग हाडांच्या मधलं सगळं घासतं. लांब जायला कडक सीट बरी, असं त्यांचं म्हणणं. मग पाना लावून सीट दोन बोटं वर घेतली. "एकदम न्हाई. चार दिवस अशीच चालव, अंगाला कळू दे. मग ये, आणखी दोन बोटं." शेवटचं माप त्यांनी आधीच सांगून ठेवलं. टाच पायडलवर ठेवायची, पायडल तळाला न्यायचं, गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघा किंचित वाकतो, तेवढाच वाकावा. थांबताना सीटवरून पुढं उतरायचं. "बसल्या बसल्या कामून थांबायचं? वट्टा हाय का तो?"

तोवर पडद्याआडून चाचींनी विचारलं, "काल अंगात काय घातलं होतंस गं?"

मी आत गेले. "भावाची पँट."

"भावाला दिऊन टाक." मग त्यांनी आवाज खाली केला आणि मला स्पष्ट विचारलं, कुठं कुठं सोलवटलंय. बैठकीत सात पुरुषांना ज्याचं नाव घेता आलं नाही, ते चाचींनी तीन शब्दांत विचारलं आणि मी चार शब्दांत सांगितलं. इतकं सोपं होतं ते.

सलवारीच्या दोन पायांच्या मधे जो चौकोनी तुकडा जोडतात त्याला त्या मियानी म्हणायच्या. माझ्या सलवारींची मियानी शिंप्यानं कापड वाचवायला बोटभर ठेवलेली, म्हणजे सगळ्या शिवणी नेमक्या बसायच्या जागी. चाचींनी सांगितलं, जुनं मऊ सुती कापड आण, आतून घालायला तोकडी चड्डी शिवते. मियानी वीतभर रुंद, एका तुकड्याची, शिवण एक पुढे आणि एक मागे. बुडाखाली एकही नाही. वरून सलवारच घाल, घोट्याला रबर लाव. मी घरी येऊन आईला कापड मागितलं. तिला हा सगळा उद्योग पसंत नव्हता. बैठकीपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. ती उठली, ट्रंकेतून स्वतःची एक जुनी सुती साडी काढली, मधला न विरलेला भाग बघून फाडली आणि म्हणाली, "दोन शिव म्हणावं. एक वाळत असली की दुसरी." मी त्या आठ मार्चच्या पत्रकातलं ते वाक्य पुन्हा कधी छापलं नाही.

पाण्याचा प्रश्नही चाचींनीच सोडवला. मी म्हटलं, "पाणी प्यायलं तर जायचं कुठं?"

"रस्त्यानं ज्या घरापुढं लुगडं वाळत असंल तिथं थांबायचं. लुगडं हाय म्हणजे बाई हाय. बाईला विचारायचं. कोणती बाई न्हाई म्हणती ते मला येऊन सांग."

मग महिनाभर मी नुसती तयारी केली, आणि ती मला इतकी आवडेल असं वाटलं नव्हतं. कॉलेजच्या आधी आसना नदीच्या पुलापर्यंत, मग पुढच्या आठवड्यात पुलाच्या पलीकडे, मग अर्धापूर आणि परत. तहान लागायच्या आधी दोन घोट, लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचे. भूक लागायच्या आधी थोडे फुटाणे, गूळ. आईचे शेंगदाण्याचे लाडू फडक्यात बांधून हँडलच्या पिशवीत. दर थोड्या वेळानं पायडलवर उभं राहायचं, म्हणजे खालचं रक्त मोकळं होतं. हँडल आवळायचं नाही, कोपर सैल ठेवायचं. चाचांनी दुसऱ्यांदा सीट वर घेतली त्या दिवशी चढावर सायकल माझ्याआधीच वर निघाल्यासारखी वाटली, आणि मी रस्त्यात एकटीच मोठ्यानं हसले. गल्लीतल्या पोरांनी आधी 'उंटावरची ताई' म्हणून घेतलं. पंधरा दिवसांनी त्यातलाच एक आपली सायकल घेऊन चाचांच्या दुकानात उभा होता.

भोकरची परीक्षा ज्या रविवारी ठेवली, नेमकी त्याच सकाळी माझी पाळी आली. आता पुढे ढकला म्हटलं तर सातही जण पुन्हा पंख्याकडे बघणार, आणि 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' असं न बोलता बोलणार. चाचींकडे गेले. त्यांनी कापसाची घडी लांब आणि पातळ कशी करायची ते दाखवलं, जाड घडी म्हणजे पुन्हा गोधडीच. दोन जास्तीच्या घड्या पिशवीत दिल्या. "दुखलं तर हळू चालव. थांबू नको."

लक्ष ठेवायला खजिनदार लुनावर मागे होते. भल्या सकाळी निघालो. जाताना मी दोनदा, येताना तीनदा लुगडं वाळणाऱ्या घराशी थांबले, आणि पाचही ठिकाणी बाई उठून सोबत आली. एकीनं विचारलं, "त्यो गाडीवाला कोण? नवरा का?" मी म्हटलं, "न्हाई. माझी परीक्षा घेऊन राहिले." ती म्हणाली, "मग तुला चालवायला लावून स्वतः गाडीवर कामून बसला?" खजिनदारांनी ते ऐकलं. भोकरला ते झाडाखाली आडवे झाले आणि मीच त्यांना उठवलं. दिवेलागणीला नांदेडात शिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलवर कार्यालयाच्या दारात होते. खजिनदार पाठ धरून आले आणि भाऊंना म्हणाले, "हाव. जमतंय तिला. मला न्हाई जमत."

आता परिपत्रक. माझ्याच अक्षरातलं ते वाक्य, 'सर्वांनी सीट खाली करून घ्यावी', मला दिवसरात्र टोचत होतं. मी भाऊंना म्हटलं, सूचना चुकली आहे, दुरुस्तीचं परिपत्रक काढू. ते म्हणाले, "सायक्लोस्टाइल झालंय, वाटलंय. एकदा काढलेलं परिपत्रक बदललं तर संघटनेला कोण विचारतंय?"

"पण गुडघे जातील सगळ्यांचे!"

"आमचे गुडघे घट्ट हायेत. तू तुझं बघ."

मी माझं बघितलं. पाना पिशवीत टाकला.

फेरीला सात सायकली, मागे टेम्पो. सहा सीटा परिपत्रकाप्रमाणे तळाला, एक माझी वर. निघताना फोटो काढला त्यात मी एकटीच रांगेतून डोकं वर काढलेली दिसते. वारं पाठीवर होतं, हवा थंड, ज्वारी पोटऱ्यात आलेली. पण लोह्याच्या पुढे रस्ता चढउताराचा. तिथं दर गावाच्या वेशीपासून घोषणा सुरू! चढावर पायडल मारत ओरडायचं म्हणजे फुप्फुस तरी फाटेल नाहीतर घोषणा तरी. 'शाळेला...' भाऊ ओरडायचे आणि 'भिंती द्या' येईस्तोवर अर्धा चढ संपायचा. मी ओरडले नाही. मी दम पायांसाठी ठेवला आणि गावात उतरून बोलले. हे शिस्तीला धरून नव्हतं, पण ऐकू मात्र गेलं.

अहमदपूरला शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम. सकाळी पाहते तर भाऊ तीन पायऱ्या खेकड्यासारखे आडवे उतरत होते. बाकीच्यांचंही तसंच काहीबाही, पण भाऊंचं जास्त. ते उंच होते, म्हणजे सीट तळाला ठेवून त्यांचेच गुडघे सगळ्यात जास्त दुमडत होते. टेम्पोवाल्यानं दार उघडून ठेवलं होतं. सगळ्यांनी पाहिलं. सचिवच टेम्पोत बसले तर ठरावाचं काय?

भाऊ सायकल घेऊन माझ्याशेजारी आले. "तुझ्याकडं पाना हाय म्हणं."

"आहे की. अडचण काय आहे? नाव घ्या."

त्यांनी सवयीनं वर पाहिलं. व्हरांड्याला पंखा नव्हता. "गुडघा," ते म्हणाले.

"इतिवृत्तात लिहू का?"

ते हसले. पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं, आणि खरं सांगते, माझा निम्मा राग तिथंच गेला. उरलेला निम्मा मी ठेवलाय, तो कामाचा आहे.

मी त्यांची सीट दोन बोटं वर घेतली. "पाय टेकत न्हाईत," ते म्हणाले. मी चाचांचं वाक्य त्यांना दिलं. एकामागून एक बाकीचे पाचही जण रांगेला लागले. कुणी परिपत्रकाचा विषय काढला नाही. घोषणा आता गावात उतरून द्यायच्या, असंही न ठरवता ठरलं.

त्या दिवशी माझीही पाळी आली, म्हणजे हरायची. चाकूरच्या अलीकडे तळहात बधिर झाले, दुपारचं ऊन डोक्यात गेलं आणि कॅरिअरवरच्या नोट्स पोत्यासारख्या जड झाल्या. टेम्पोवाला बाजूनं चालवत म्हणाला, "ताई, बसा की. मी कुणाला सांगत न्हाई." मला बसावंसं वाटलं. हे मी लपवत नाही. दहा मिनिटं मी फक्त तेवढाच विचार केला. मग एका घरापुढं हिरवं लुगडं वाळताना दिसलं.

घरातली बाई ज्वारी पाखडत होती. तिनं पाणी दिलं, मागच्या बाजूला नेलं, आणि मग दाव्याला बांधल्यासारखं ओट्यावर बसवलं. "एवढ्या लांब सायकलवर कामून? एसटी चुकली का?"

"न्हाई. मुद्दाम."

"मुद्दाम!" तिनं सूप खाली ठेवलं. "आणि त्ये बाप्ये?"

"ते माझ्यासोबत आहेत."

"म्हंजे तू त्यांच्यासोबत न्हाई," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. सगळ्यांना चहा झाला, सावलीत हातपाय मोकळे केले. मला कळलं की मी दमले नव्हते, थांबायला लाजत होते. एवढ्या तयारीत तेवढं एकच शिकायचं राहिलं होतं. पुढचा रस्ता मी हँडलवर हात बदलत, गाणं पुटपुटत काढला. दिवस मावळायच्या आत लातूर.

लातुरातून पहाटे निघालो तेव्हा शिकवण्यांच्या रस्त्यावर मुलींच्या सायकलीच सायकली. पाठीवर दप्तर, गळ्यात मफलर, आणि एकजात सगळ्यांच्या सीटा तळाला. मला मामेबहिणीचे गुडघे आठवले. मांडी घालून अभ्यास केल्यानं दुखतात म्हणे! डॉक्टर व्हायला निघालेल्या इतक्या मुली, आणि एकीलाही कुणी हे सांगितलं नव्हतं.

दुपारी गावात पोचलो. पत्र्याची शेडं ओळीनं, समोर नव्या घरांचे पाये. तिथल्या माणसांनी काय गमावलं ते मी सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. नोट्स उतरवल्या. दहावीच्या मुली आमच्याभोवती जमल्या, पण त्यांची नजर नोट्सवर नव्हती, माझ्या सायकलीवर होती. एकीनं विचारलं, "तायी, तुम्ही नांदेडापासून हिच्यावर? दुखलं न्हाई?"

"आधी लई दुखलं. मग शिकले."

तिला मदतीतून सायकल मिळाली होती. दोन गावं सोडून असलेल्या शाळेत दहावीचे जादा तास व्हायचे, तिथं ती रोज जायची, आणि गुडघे दुखतात म्हणून घरचे आता बंद कर म्हणत होते. मी तिची सायकल पाहिली. सांगायला नकोच. मी पाना काढला, तोच भाऊंनी तो माझ्या हातातून घेतला. त्यांनी खाली बसून सीट दोन बोटं वर केली आणि तिला म्हणाले, "टाच ठेव पायडलवर. हां. चार दिवसांनी आणखी दोन बोटं." आणि मग माझ्याकडे न बघता, "आणि पाणी पीत जा रस्त्यानं."

पोरगी शेडांच्या भोवती एक चक्कर मारून आली. तिला उतरता येईना, म्हणून आणखी एक मारली. आम्ही सगळे हसत होतो, ती सगळ्यात जास्त.

मी टेम्पोत बसले ती परत येताना, सगळ्यांसोबत, सायकलींच्या ढिगावर. भाऊंनी माझी माफी मागितली नाही, आणि चौथ्या विषयाचा ठराव आजही इतिवृत्तात तसाच आहे. पण पुढच्या हिवाळ्याच्या परिपत्रकाची स्टेन्सिल त्यांनी मला दिली आणि म्हणाले, "तूच लिही, मी सांगत न्हाई." त्या फेरीत मुली पाच होत्या, त्यात माझी मैत्रीणही. तिला सायकल मी शिकवली, पहिल्यापासून उंच सीटवर.

आता तुम्ही. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात एक तरी मुलगी सायकलवर शाळेत नाहीतर शिकवणीला जात असेल. तिला विचारा, गुडघे दुखतात का, निघताना पाणी पितेस का. ती 'न्हाई' म्हणेल, तरी तिच्या सायकलीजवळ जा आणि बघा. हा कागद खाली ठेवा, पाना शोधा, आणि आजच तिची सीट दोन बोटं वर करा.